हरभऱ्याची मर आणि उत्पन्न : ग्वाल्हेरच्या एका मॅपिंग प्रकल्पाच्या नोंदी

ग्वाल्हेरला हरभऱ्यावर पीएचडीचं काम करते आहे. मर (जमिनीतल्या बुरशीने झाड सुकवणारा रोग) याची प्रतिकारशक्ती आणि उत्पन्न, दोन्हींची जनुकं कुठल्या लिंकेज ग्रुपवर (जनुकांच्या नकाशावरचा एक गट, साधारण एक गुणसूत्र) बसतात ते शोधायचं होतं. जेजी 62 आणि डब्ल्यूआर 315 या दोन वाणांच्या संकरातून, एकेका बीने पुढे नेत आठव्या पिढीपर्यंत आलेल्या 186 ओळी (स्थिर झालेले वंश) मला तयार मिळाल्या. जेजी 62 मरच्या जमिनीत तीन-चार आठवड्यांत आडवा होतो, डब्ल्यूआर 315 त्याच जमिनीत शेवटपर्यंत हिरवा राहतो. जेजी 62 ची आणखी एक खूण म्हणजे त्याच्या एका देठाला दोन-दोन घाटे लागतात. ही खूण मला पुढे फार कामाला आली.

पेपरात शेवटचा नकाशा छापतात, मधली दोन वर्षं कोणी छापत नाही. असंच काम हाती घेणाऱ्यांसाठी माझ्या वहीतून ही मधली वर्षं उतरवून ठेवते आहे.

19 नोव्हेंबर 2022

सिक प्लॉटवर (मरची बुरशी मुद्दाम मुरवलेल्या शेतात) पेरणी झाली. प्रत्येक ओळीचे 20 दाणे, 10 सेंटीमीटर अंतर, दोन रेप्लिकेशन (म्हणजे प्रत्येक ओळ दोनदा), आणि दर चार ओळींनंतर एक ओळ जेजी 62. एकूण 465 ओळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरायचं ठरलं होतं, पण पाकिटं भरणं आणि लेबलं लावणं यात तीन आठवडे गेले. 465 पाकिटं आम्ही दोघीच भरत होतो.

बियाणं जेमतेम होतं. म्हणून निरोगी शेतात वेगळा प्लॉट न लावता उत्पन्नही याच प्लॉटवरून घ्यायचं ठरवलं.

16 डिसेंबर 2022

पूर्वेकडच्या जेजी 62 च्या ओळींत 20 पैकी 17-18 रोपं गेली आहेत. पश्चिमेकडच्या टोकाला 20 पैकी 5 किंवा 6. एकच वाण, एकच पाकीट, मधे फक्त 40 पावलांचं अंतर.

चौकशी केली तेव्हा कळलं की पश्चिमेचा तुकडा दोनच वर्षांपूर्वी प्लॉटला जोडलाय. तिथे बुरशी अजून पुरेशी मुरलेली नाही. ही बुरशी एकदा मुरली की हरभरा न लावताही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते, पण मुरायला आधी वेळ द्यावा लागतो. त्यात मी उशिरा पेरलं. मर 25 अंशांच्या आसपास जोर करते आणि आमची रोपं वर आली तोवर माती गार पडली होती. म्हणजे पश्चिमेला जी ओळ 'प्रतिकारक' दिसते आहे ती नुसतीच नशीबवान असू शकते. हे मी आज लिहून ठेवलं, पण पुढे स्कोअरिंग करताना त्याचा काही उपयोग केला नाही.

11 जानेवारी 2023

सकाळी दहापर्यंत धुकं. डीएनएसाठी पानं खुडायला गेले. पानांवर आंब (हरभऱ्याच्या पानांवर सुटणारा आंबट ओलावा) आलेली, दहा मिनिटांत बोटं चिकट झाली आणि नखांच्या कडा झोंबायला लागल्या. आजी सांगायची की पूर्वी पहाटे हरभऱ्यावर पांढरं फडकं फिरवून आंब गोळा करत आणि पोटदुखीवर देत. ती आंब मला फार महाग पडली. तशाच पानांचा सीटॅब या नेहमीच्या पद्धतीने डीएनए काढला. 40 पैकी 31 नमुन्यांत तपकिरी, चिकट गोळा बसला. विरघळेना, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) चालेना. एक आठवडा आणि चार-साडेचार हजारांची रसायनं वाया गेली.

जे जमलं ते असं : शेतातली पानं घ्यायचीच नाहीत. नेटहाउसमध्ये कपात दाणे लावून 15-18 दिवसांच्या रोपाची कोवळी पानं घ्यायची, डिस्टिल्ड पाण्यात दोनदा धुऊन टिपकागदावर कोरडी करायची, मगच लिक्विड नायट्रोजन. बफरमध्ये 2 टक्के पीव्हीपी (पानातली तपकिरी करणारी द्रव्यं धरून ठेवणारी पावडर). यानंतर 186 पैकी फक्त 6 नमुने परत करावे लागले.

24 फेब्रुवारी 2023

ऊन तापायला लागलं आणि प्लॉटमध्ये झाडं पटापट सुकू लागली. पश्चिमेच्या तुकड्यातसुद्धा. मला बरंच वाटलं, शेवटी रोग सगळीकडे पोचला म्हणून. मेलेली झाडं मोजली, टक्केवारी काढली, वही भरली.

शेतावरचे काका मागे उभे होते. इथे मरला उकठा म्हणतात. एक झाड उपटून त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "बिटिया, ये उकठा नहीं है. इसकी तो जड़ ही टूट गई." मी म्हटलं, काका, सुकलं ना, मग सुकलंच. आणि पुढची ओळ मोजायला गेले.

3 एप्रिल 2023

कापणी, मळणी, वजन. या आठवड्यात उरलेल्या झाडांचं वजन ओळवार घेतलं. घरी आई महिनाभर विचारत होती, "सोलाणे आणणार होतीस ना? बाबा आमटीची वाट बघतायत." एक घाटासुद्धा आणला नाही, कारण प्रत्येक घाटा वजनात जाणार होता. ते वजन पुढे कशालाच उपयोगी पडलं नाही.

20 जून 2023

एसएसआर मार्करचं (डीएनएवरच्या ओळखखुणांचं) काम संपलं. 62 प्राइमर जोड्या (एकेक खूण वाचायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) आईबापांवर चालवून पाहिल्या, 19 मध्येच फरक दिसला. लागवडीच्या हरभऱ्यात मुळातच विविधता कमी, त्यामुळे यापेक्षा फार चांगल्याची आशा ठेवू नये. एका जोडीला साधारण 500 रुपये, म्हणजे 43 जोड्यांचे 21-22 हजार नुसत्या चाचणीत गेले. आता करायचं झालं तर आधी दुसऱ्या लिंकेज ग्रुपवरचे, मरच्या जनुकांजवळचे माहितीतले मार्कर (टीए96, टीए27, टीआर19, जीए16) तेवढेच मागवीन. ते चालले तरच पुढचे.

टीए96 आणि टीए27 आमच्या आईबापांत वेगळे निघाले. दोन रात्री जेल (डीएनएच्या रेघा दाखवणारा थर) वाचले. निकाल :

मर रोगासाठी दुसऱ्या ग्रुपवर लॉड (त्या जागी जनुक असल्याच्या पुराव्याचा आकडा) 2.4. उंबरठा 3.1. म्हणजे काहीच नाही.

उत्पन्नासाठी त्याच जागी लॉड 4.6!

मी इतकी खूश झाले की रात्री साडेदहाला माझ्या गाईड मॅडमना फोन केला. उत्पन्नाचं जनुक सापडलं असंच मला वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अगं, डिसेंबरात मेलेल्या झाडाचं उत्पन्न तू किती धरलंस?"

शून्य धरलं होतं.

22 जून 2023

दोन दिवस वही उलटीसुलटी करून आता समजलं ते असं.

डिसेंबरात मेलेली झाडं खरोखर मरची होती. फेब्रुवारीनंतर सुकलेली बहुतेक कोरड्या मूळकुजीची. तो दुसराच रोग, दुसरीच बुरशी, ऊन वाढलं आणि ओल कमी झाली की उठणारी, आणि डब्ल्यूआर 315 ची मर-प्रतिकारशक्ती तिच्यापुढे काही करत नाही. मी दोन्हींची मिळून एकच टक्केवारी काढली आणि खऱ्या प्रतिकारक ओळींनाही 'मेल्या' म्हणून टाकलं. त्यामुळे मरचा लॉड पडला.

उत्पन्नात मात्र हा फरक आपोआप शिल्लक राहिला. मरने गेलेलं रोप घाटे धरायच्या आत गेलं, म्हणून त्याचं वजन शून्य. मूळकुजीने गेलेल्या झाडाने थोडे तरी घाटे भरले होते. म्हणजे मी ज्याला उत्पन्नाचं शिखर म्हणत होते ते मरचंच शिखर होतं, तराजूतून दिसलेलं. सिक प्लॉटवर उत्पन्न मोजलं की रोगाचाच नकाशा परत निघतो. हे कोणाही पैदासकाराला सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? मला समजायला एक पूर्ण रब्बी गेली.

काकांना जाऊन सांगितलं की तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, इस बार साथ में उखाड़ेंगे.

22 ऑक्टोबर 2023

या वर्षी केलेले बदल :

उत्पन्नासाठी निरोगी शेतात वेगळा प्लॉट. बी आता पुरेसं आहे.

सिक प्लॉटवर पेरणी महिनाभर आधी, माती उबदार असताना. पश्चिमेच्या तुकड्यात ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेली बुरशी पेरणीच्या वेळी सरीतच मिसळली. ज्वारी भिजवणं, उकडणं, ऑटोक्लेव्ह, पिशव्यांत बुरशी टाकून दोन आठवडे ठेवणं. काम कटकटीचं, पण खर्च तीन हजारांच्या आत.

आणि जेजी 62 ची प्रत्येक ओळ आता मोजपट्टी. ज्या ठिकाणी शेजारच्या जेजी 62 च्या 20 पैकी 16 रोपंसुद्धा मेली नाहीत, तिथल्या ओळींचा आकडा घ्यायचाच नाही, 'नोंद नाही' लिहायचं. मागच्या वर्षी मी तिथे 'प्रतिकारक' लिहिलं होतं.

17 नोव्हेंबर 2023

आता दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, मेलेलं प्रत्येक झाड उपटायचं. काका उपटतात, मी चिरते, ज्युनिअर लिहिते.

मरचं रोप : पानं खाली लोंबलेली, पण रंग अजून मळका हिरवाच. मूळ बाहेरून अगदी धडधाकट, आखूड नाही, कुजलेलं नाही. ब्लेडने मानेपासून खाली उभं चिरलं की आत मधोमध काळपट तपकिरी रेघ, जळक्या काडीसारखी. ती रेघ दिसली तरच 'म'. चिरताना ब्लेड मधूनच जायला हवं. जरा बाजूने गेलं तर रेघ दिसत नाही आणि चुकीची नोंद होते.

मानकूज : मानेवर पांढरा धागा, ओल असेल तर मोहरीएवढे गोळे. पहिल्या तीन आठवड्यांत ही बरीच सापडली, विशेषतः जिथे अर्धवट कुजलेला काडीकचरा राहिला होता. 'मा' लिहून मोजणीतून बाहेर.

कोरडी मूळकूज : झाड गवताच्या रंगाचं, आणि उपटताना सोटमूळ तुटून खाली मातीतच राहतं. बारीक मुळं गायब. साल सोलली तर लाकडावर काळे बारीक ठिपके. काकांनी फेब्रुवारीत हेच माझ्यापुढे धरलं होतं.

एका आठवड्याला साधारण पाच तास जातात. मागच्या वर्षी नुसतं मोजायला दीड तास लागायचा.

28 डिसेंबर 2023

शेतातल्या आकड्याला जोड म्हणून कुंडीतली चाचणी. आठ दिवसांच्या रोपांची मुळं टोकाला कापून बीजाणूंच्या द्रावणात (मिलीलीटरला 10 लाख) बुडवायची आणि परत लावायची. पहिली खेप पूर्ण वाया. नेटहाउसचं तापमान रात्री 6 अंशांवर गेलं आणि जेजी 62 सुद्धा छान उभा राहिला. दुसरी खेप 25 अंशांच्या ग्रोथ रूममध्ये लावली. 19 व्या दिवशी जेजी 62 साफ, डब्ल्यूआर 315 जसाच्या तसा. 186 ओळी तीन तुकड्यांत कराव्या लागल्या, जागा तेवढीच आहे.

14 जानेवारी 2024

निरोगी शेतात लवकर फुलणाऱ्या ओळी फुलांनी भरल्यात आणि एकही घाटा नाही. दिवसाचं सरासरी तापमान 15 अंशांखाली असलं की हरभऱ्याचं फूल गळतं, घाटा धरत नाही, आणि ग्वाल्हेरचा जानेवारी तसाच असतो. लवकर फुलण्याचा फायदा इथे मिळेलच असं नाही. म्हणून फुलाची तारीख आणि पहिल्या घाट्याची तारीख वेगवेगळी लिहायला घेतली. काही ओळींत दोन्हींमध्ये महिन्याचं अंतर पडलं.

नीलगाय दोनदा येऊन गेली. दुसऱ्या रेप्लिकेशनच्या 11 ओळी खाल्ल्या. जाळीला 9,200 रुपये लागले. आधीच लावली असती तर 11 ओळी वाचल्या असत्या.

26 फेब्रुवारी 2024

एकघाटी की दोनघाटी, प्रत्येक ओळ नोंदवली. दोनघाटी झाडावर सगळ्याच देठांना जोडी येत नाही, खालच्या फांद्यांवर पुष्कळदा एकेकच असतो. वरवर पाहिलं तर फसायला होतं. प्रत्येक ओळीची पाच झाडं, प्रत्येकावर निदान वीस देठ. 186 पैकी 95 एकघाटी, 91 दोनघाटी. एकाच अप्रभावी जनुकाला जसं निम्मं-निम्मं हवं तसं.

21 मे 2024

पुष्कळ मार्कर एकदम वाचून घ्यायला डीएनएच्या दोन प्लेट बाहेरच्या लॅबला पाठवल्या. प्लेटला 96 खळगे असतात, त्यांना विहिरी म्हणतात; ए1 पहिली, एच12 शेवटची. एका प्लेटमध्ये 93 ओळी, दोन आईबाप आणि एक रिकामी विहीर. ए1 मध्ये जेजी 62, ए2 मध्ये डब्ल्यूआर 315, एच12 रिकामी. 192 नमुने, एकाला 1,900 रुपये, जीएसटी धरून 4 लाख 30 हजार. प्रकल्पाचा सगळ्यात मोठा एकरकमी खर्च हाच.

9 ऑगस्ट 2024

डेटा आला. गाळून, एकाच जागी बसणारे एकत्र करून 912 मार्कर उरले, आठ लिंकेज ग्रुप नीट जुळले. 5 ओळींत मिश्रण (आई आणि बाप दोघांचीही खूण दाखवणारे संकरित मार्कर 10 टक्क्यांवर) निघालं, त्या काढल्या. आठव्या पिढीत ते एक टक्क्याच्या खाली असायला हवं. उरल्या 181.

अहवालात दोन शेरे होते : दुसऱ्या प्लेटमधला जेजी 62 'फेल', आणि दुसऱ्या प्लेटच्या रिकाम्या विहिरीत 'डीएनए आढळला'. मला वाटलं एक नमुना खराब गेला आणि थोडं कुठेतरी सांडलं. जेजी 62 पहिल्या प्लेटमध्ये आहेच, म्हणून पुढे गेले.

2 सप्टेंबर 2024

मरचं शिखर दुसऱ्या ग्रुपवर आलं, पण लॉड 5 च्या आसपास. दोन वर्षांच्या आणि इतक्या चिरलेल्या खोडांच्या मानाने फारच थोडा.

मग दोनघाटीपणा टाकून पाहिला. हे जनुक सहाव्या ग्रुपवर बसतं हे आधीपासून माहीत आहे, आणि एकच जनुक असल्याने लॉड प्रचंड यायला हवा. आला 8.

आठवडाभर मी सॉफ्टवेअरला दोष देत बसले, सेटिंग्ज बदलत राहिले.

10 सप्टेंबर 2024

सहाव्या ग्रुपवरचा सगळ्यात जवळचा मार्कर घेतला आणि ओळवार वहीशी जुळवला. पहिल्या प्लेटच्या ओळींत 3 ठिकाणी चूक. दुसऱ्या प्लेटच्या ओळींत 46 ठिकाणी, म्हणजे जवळपास निम्म्या, नाणं उडवावं तसं.

तेव्हा ते दोन शेरे आठवले. ए1 रिकामी निघाली आणि एच12 भरलेली. दुसरी प्लेट उलटी वाचली गेली होती, अर्धा फेरा फिरवून. सील लावताना लेबल मी उलट्या बाजूला चिकटवलं होतं, आणि प्लेटचा कोपरा कापलेला आहे याकडे पाहिलंच नव्हतं.

दुरुस्ती फुकट झाली : ए1 पासून क्रमाने मोजलेला विहिरीचा क्रमांक 97 मधून वजा करायचा, तो खरा क्रमांक. एच12 मध्ये जेजी 62 निघाला, एच11 मध्ये डब्ल्यूआर 315. चुकीची जुळणी 46 वरून 4 वर आली. महिना गेला, पण पैसे आणि बी वाचलं. दोनघाटी वहीत नसती तर हे मला कधीच कळलं नसतं. मरचा आकडा एकटा पाहून कोणी सांगू शकत नाही की प्लेट उलटी आहे. म्हणून आता ज्युनिअरना सांगते : आधी ज्या खुणेची जागा माहीत आहे ती नकाशावर बसवून पाहा, ती बसल्याशिवाय आपला रोग मांडू नका. आणि रिकामी विहीर मधोमध नको, एका कोपऱ्यातच ठेवा.

5 ऑक्टोबर 2024

दुरुस्त डेटावर :

मर, शेतातली (चिरून खात्री केलेली) : दुसरा ग्रुप, लॉड 17.2, ओळींमधल्या फरकाचा 35 टक्के भाग या जागेमुळे. कुंडीतली चाचणी त्याच जागी, टीए96 आणि टीए27 च्या पट्ट्यात.

मुद्दाम पहिल्या वर्षाचा जुना आकडाही याच मार्करवर टाकून पाहिला. उंबरठ्याच्या जरा वर. म्हणजे 4 लाख 30 हजारांचे मार्कर लावले तरी तो वहीतला आकडा सुधारत नाही.

शंभर दाण्यांचं वजन : चौथा ग्रुप, लॉड 9.4.

उत्पन्न, निरोगी शेतातलं : चौथ्या ग्रुपवर लॉड 3.9, 9 टक्के. दुसऱ्या ग्रुपवर आता काहीच नाही. एकाच हंगामाचा हा आकडा आहे, म्हणून याच्या भरवशावर अजून मार्कर ठरवलेला नाही. उत्पन्नाचा प्लॉट या रब्बीत परत लावते आहे, जाळीसकट.

दोनघाटी ओळींचं उत्पन्न जास्त निघेल असं सगळ्यांना वाटत होतं. आमच्या शेतात घाटे जास्त, दाणा बारीक, वजन जवळपास सारखं.

18 फेब्रुवारी 2025

डब्ल्यूआर 315 चा हाच पट्टा अण्णिगेरी-1 या वाणात मार्करच्या मदतीने नेऊन सुपर अण्णिगेरी-1 हे वाण झालेलं आहे. आम्ही तेच इथल्या एका जुन्या, चवीला आवडणाऱ्या पण मरला बळी पडणाऱ्या वाणात करतो आहोत. पहिल्या बॅकक्रॉसची (संकर परत त्याच जुन्या वाणाशी केल्यावर आलेली) 24 रोपं टीए96 वर तपासली, 11 मध्ये डब्ल्यूआर 315 चा बँड (जेलवरची रेघ) आहे.

धुकं उतरलंय, घाटे धरायला लागलेत, म्हणून आता संकरासाठी कळ्या बांधायचं काम. चिमट्याने पाकळी बाजूला करून दहा पुंकेसर काढायचे, कळी न फाडता. काल 38 बांधल्या, त्यातल्या 7 आज सकाळपर्यंत गळल्या. काका म्हणतात ऊन वर यायच्या आधी बांधा, त्यामुळे उद्यापासून साडेसातला शेतावर. सोबत लोकरी दोरा चार रंगांचा : लाल बॅकक्रॉस, पांढरा सेल्फ (स्वतःच्याच परागाचा), पिवळा गळलेली कळी, हिरवा शंका. लेबल दोन्ही बाजूंना लिहिते आहे.